लाल ठिपक्यांच्या स्लाइड

स्लाइड फिल्म ही रागीट माणसाच्या हातात द्यायची गोष्ट नव्हे, आणि आमच्या घरात रागीट मीच. साधी निगेटिव्ह फिल्म निदान समजूतदार तरी असते. उजेड थोडा कमीजास्त झाला तर लॅबवाला प्रिंट काढताना सांभाळून घेतो. स्लाइडला ते लाड चालत नाहीत. कॅमेऱ्यातून जी फिल्म जाते तीच धुऊन, एकेक चित्र कापून, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवून परत हातात येते. चुकलं की चुकलं. दिल्लीचं मे महिन्यातलं पांढरंफटक आभाळ सांभाळायला जावं तर खालची माणसं कोळशासारखी काळी, आणि माणसं सांभाळावीत तर वरचं आभाळ कोरं करकरीत. पहिला रोल धुऊन मिळाला तेव्हा मी लॅबच्या बाहेर, कॅनॉट प्लेसच्या फुटपाथवरच तो फेकून देणार होते. बाबांनी हात धरला. "अगं, फेकतेस काय? शिकतेयस ना अजून," एवढंच म्हणाले.

आम्ही तेव्हा लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, दादा इंजिनीअरिंगनंतर एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला, आणि मला नुकतीच नोकरी लागलेली. नव्वदीची सुरुवात होती. पूर्वी जी फिल्म कोणीतरी परदेशातून येताना आणून द्यावी लागे, ती आता दुकानाच्या काचेत राजरोस दिसायला लागली होती. पहिल्या पगारात मी जुना कॅमेरा घेतला. आईचं तोंड एवढंसं झालं. "लोकांच्या मुली पहिल्या पगारात आईला साडी घेतात," ती म्हणाली. मी फटकन म्हटलं, "तुझ्या कपाटात साड्या कमी आहेत का?" माझं तोंड तेव्हाही असंच होतं.

प्रोजेक्टर मात्र बाबांनी आणला. चाणक्यपुरीत कुठल्याशा दूतावासाने जुनं सामान विकायला काढलं होतं. लोकांनी तिथून फ्रिज आणले, सोफे आणले. आमच्या बाबांनी प्रोजेक्टर उचलला. मग प्रश्न आला, चित्र पाडायचं कुठे? क्वार्टरच्या खोल्या एवढ्याशा, की प्रोजेक्टर भिंतीपासून लांब न्यावा तर आपण स्वयंपाकघरात, आणि मग माणसांना काय डोक्यावर बसवायचं? बाबांनी तोड काढली. मागच्या खोलीचं दार अंगणात उघडायचं. त्या दारात आजोबांचं धुऊन धुऊन विरलेलं धोतर ताणून बांधायचं, त्यावर पाण्याचा हबका मारायचा म्हणजे सुरकुती राहत नाही, आणि प्रोजेक्टर आतल्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर. चित्र आतून धोतरावर पडे आणि पलीकडे अंगणात सतरंजीवर बसलेल्या मंडळींना दिसे. दारापेक्षा मोठं चित्र काही आमच्या नशिबात नव्हतं, पण गर्दी बघावी! शेजारचे बंगाली, वरचे तमिळ, समोरचं नागपूरचं ख्रिश्चन कुटुंब, ते तर केक घेऊन यायचे. सगळी आपापल्या गावापासून लांब, सरकारने आणून टाकलेली माणसं. स्वतःला दाराएवढं बघायला मिळतंय याचंच सगळ्यांना कौतुक.

आत आम्ही तिघं. मी स्लाइड फुंकर मारून, पुसून हातात द्यायची, बाबा त्या घालायचे, दादा लेन्स फिरवून चित्र नीट करायचा. बल्बच्या उष्णतेने खोली भट्टीसारखी तापायची, पंखा लावावा तर धोतर हलायचं. आई बाहेर, मंडळींत. तिचं काम पाहुण्यांना चहा देणं, पण खरं म्हणजे तीच कार्यक्रम चालवायची. बाहेरून तिचा आवाज यायचा, "अगं बाई, हे आमचे हे! पोट आत घ्या म्हटलं होतं, घेतलं का?" अंगणात हशा. आतून बाबा ओरडायचे, "ऐकू येतंय मला!" आणि पुन्हा हशा.

बाबा जन्मभर फायलींत राहिलेला माणूस. घाईत एखादी स्लाइड भलत्या बाजूने जाऊ नये म्हणून त्यांनी प्रत्येक चौकटीच्या एका कोपऱ्यात लाल शाईचा ठिपका दिला होता. ठिपका आपल्या अंगठ्याखाली आला की स्लाइड बरोबर, असा घरचा कायदा. कायदा मोडला की ते रागवायचे नाहीत, नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"ला आम्ही फार घाबरायचो.

बाबांची रिटायरमेंट जवळ आली तसं घरात एकच बोलणं: क्वार्टर सोडायचं, पण जायचं कुठे? पुण्याला परत जावं असं आईच्या मनात होतं. बाबांनी ऑफिसातल्या लोकांबरोबर द्वारकेतल्या एका हाउसिंग सोसायटीत नाव घातलं होतं. तेव्हा त्या भागाला द्वारका म्हणायची सुद्धा सवय नव्हती, लोक पप्पनकलाँच म्हणत. दर रविवारी डबा घेऊन आम्ही आपलं घर बघायला जायचो, आणि घर कुठे होतं? कीकरची, म्हणजे बाभळीची झुडपं, धूळ, आणि उघडे सिमेंटचे खांब. पुढच्या वेळी जावं तर तेच खांब. मी प्रत्येक वेळी फोटो काढायचे. बाबा म्हणायचे, काढून ठेव, नंतर गंमत वाटेल. मला तेव्हाही गंमत वाटत नव्हती. माझ्या डोक्यात तिडीक जायची, की चांगलं भरलेलं अंगण सोडून हे लोक या उजाड माळावर राहायला येणार कशासाठी?

त्या सगळ्या रविवारांतली एकच स्लाइड खरोखर साधली. संध्याकाळची वेळ, उजेड मऊ झालेला. अर्धवट बांधलेल्या जिन्याच्या पायरीवर बाबा बसलेत. पांढरा शर्ट, खिशाला पेन, भांग अगदी रेघ मारल्यासारखा. आई समोर डबा उघडत होती, चित्रात ती नाही. बाबा तिच्याकडे बघून हसतायत. तसं हसलेले बाबा दुसऱ्या कुठल्याच फोटोत नाहीत. बाकीच्यात ते सरकारी माणसासारखे उभे.

पुढे घर झालं. पाणी टँकरने यायचं, रस्त्यांवर दिवे नव्हते, पण झालं. बाबांना ते घर थोडीच वर्षं मिळालं. एका हिवाळ्यात छातीत कफ साठल्याचं निमित्त झालं आणि गेले. त्यानंतर ना मी स्लाइड काढल्या, ना कोणी दाखवल्या. डबे माळ्यावर गेले. माझं लग्न होऊन मी नोएडात, दादा गुडगावला मोठ्या कंपनीत, चौदाव्या मजल्यावर. आई मधे द्वारकेत, एकटी. दोघांनीही बोलावून पाहिलं, ती आली नाही. आणि खरं सांगायचं तर ती मजेत होती. सकाळी पार्कात फेऱ्या, शेजारच्या पंजाबी आंटीबरोबर भाजी, मेट्रो आल्यावर तर बाईसाहेब एकट्या ब्लू लाइनने करोल बागेपर्यंत जाऊन यायच्या. पुण्याचं नावही काढायची नाही. "हे माझं घर आहे. ह्यांनी धूळ खाऊन उभं केलंय," म्हणायची.

मग सत्तरी ओलांडल्यावर थोडं काही काही व्हायला लागलं. एकदा गॅसवर दूध ठेवून खाली गेली. एकदा बाजारातून येताना शेजारच्या सोसायटीत शिरून चुकीच्या घराची बेल दाबत उभी राहिली. तिथल्या वॉचमनने आणून सोडलं. दादाने ते ऐकलं आणि झालं, त्याचं सुरू. "आता आईला एकटं ठेवणं बिल्कुल बरोबर नाही. माझ्याकडे आणू, द्वारकेचा फ्लॅट भाड्याने देऊ."

मी भांडले. "दूध माझंही उतू जातं. आणि त्या सेक्टरातल्या सगळ्या सोसायट्या एकाच साच्यातून काढल्यात, मी स्वतः चुकीच्या गेटवर वॉचमनशी हुज्जत घातली आहे. मग मलाही उचलून नेतोस का?"

"यार, तू लगेच भडकतेस," दादा म्हणाला. "मी प्रॅक्टिकल बोलतोय. उद्या काही झालं तर?"

आई दोघांच्याही वरची. "मी कुठेही येणार नाही. चौदाव्या मजल्यावर काय करू, कबुतरं मोजू? माझं डोकं ठिकाणावर आहे," ती त्याला फोनवर ठणकावून म्हणाली, आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. मला एवढं बरं वाटलं होतं!

आईला तिच्या घरात राहू द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, जुन्या गोष्टी काढा, जुने फोटो दाखवा, कितपत ओळखतात ते बघा, मग ठरवू. दादाला कामच मिळालं. त्याने कुठूनतरी स्लाइडचा स्कॅनर पैदा केला, माळ्यावरचे डबे गुडगावला नेले, आणि महिनाभर रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर एकेक स्लाइड पुसून, बाबांचा ठिपका बरोबर अंगठ्याखाली धरून मशीनमध्ये घालत राहिला. खांबांचे फोटो त्याने वगळले. "खांब बघून आईला काय आठवणार," म्हणाला. बाकी घरचे, माणसांचे सगळे केले. त्याने ते काम फार मनापासून केलं, हे मी आजही म्हणते. मला फोन करायचा, "अगं, तुझे रंग काय आहेत! आजही तसेच्या तसे." आम्ही बऱ्याच वर्षांनी भांडणाशिवाय बोलत होतो.

एका रविवारी द्वारकेत आईच्या टीव्हीवर लावले. आई सोफ्यावर, दादा रिमोट घेऊन, मी बाजूला दिवाणावर. आम्हा दोघांना चित्रं अगदी ओळखीची वाटली, पूर्वी बघायचो तशीच. त्यामुळे मी टीव्हीकडे फार बघितलंच नाही. मी आईकडे बघत होते.

पहिलं आलं क्वार्टरचं दार, अंगण, नळ, तुळस. "सांग बरं, हे कुठलं?" दादाने विचारलं.

आई बघत राहिली. "लक्ष्मीबाई नगर वाटतंय. पण आपलं क्वार्टर नाही हे."

"आपलंच आहे की गं."

"छे. आपल्यासारखं आहे. आपलं नाही. आपला नळ इथे कुठे होता?"

दादाने रिमोट दाबला. पुढचं लावलं. अंगणात पापड वाळत घातलेत आणि आई कमरेवर हात ठेवून उभी. "ही कोण?"

"कोण बाई ही? पदर बघ कसा घेतलाय," आई हसली. मग आमचे चेहरे बघून हसू ओसरलं. "मी आहे का? मी असा पदर कधी घेतला?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली. तिसरं, चौथं, पाचवं. कुठे म्हणाली, ओळखीचं वाटतंय; कुठे म्हणाली, कोणाचं घर कोण जाणे. आणि मग जिन्यावर बसलेले बाबा आले.

आई उठली. टीव्हीच्या अगदी जवळ गेली, चष्मा वर केला, खाली केला. मी मनात म्हणत होते, आई, बाकी काही चुकव, हे चुकवू नकोस.

"हे तुमचे बाबा नाहीत," ती म्हणाली.

"आई, नीट बघ."

"नीटच बघतेय. दिसतात तसे. भाऊ असावा असे. पण हे ते नाहीत."

"आई, बाबाच आहेत गं!" मी ओरडले. मला रडू आवरेना. आई गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा दादाकडे बघायला लागली, आणि तिचा हात तोंडावर गेला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. बाहेर आले तेव्हा टीव्ही बंद होता आणि दादा आईला पाणी देत होता. त्या दिवसापासून माझं भांडण संपलं. कोणत्या तोंडाने भांडणार? पस्तीस वर्षांच्या संसारातला नवरा जिला ओळखू आला नाही, तिला एकटं ठेवा म्हणून?

त्यानंतर आम्ही सगळेच आईशी गोड बोलायला लागलो. हो आई. बरोबर आई. असू दे आई, होतं असं. ती मीठ घातलं का विचारायची, आम्ही म्हणायचो छान झालंय. आणि आई, जिने जन्मात कोणाचं ऐकून घेतलं नाही, ती गप्प झाली. मेट्रोने जाणं बंद केलं. दाराला कुलूप लावून परत उघडून बघायची. दादाने गुडगावचं पुन्हा काढलं तेव्हा "तुम्हाला ठीक वाटेल तसं करा" म्हणाली. माझा नवरा म्हणाला, चला, सुटलं एकदाचं. मी त्याच्यावर एवढी उसळले की बिचारा दोन खोल्या सोडून जाऊन बसला. मला ती भांडायला हवी होती. तिने भांडावं म्हणून मी मुद्दाम तिच्या स्टीलच्या डब्यांची टिंगल केली, सगळं भंगारात दे म्हटलं. "दे," म्हणाली.

टेम्पो ठरला. त्याच्या आदल्या आठवड्यात मी सामान बांधायला द्वारकेला गेले. दादाने स्लाइडचे डबे परत आणून ठेवले होते. दुपारी जरा पाठ टेकायला म्हणून बाल्कनीच्या दाराशी बसले आणि एक डबा उघडला. त्याने वगळलेल्या खांबांचा होता. एक स्लाइड उचलली, सवयीने लाल ठिपका अंगठ्याखाली घेतला आणि उजेडाला धरली. खांब, धूळ, बाजूला सोसायटीची पाटी. पाटीवरचं एकही अक्षर वाचता येईना. मला वाटलं, चाळिशीचा चष्मा बदलायला झालाय. मग लक्षात आलं की अक्षरं उलटी आहेत, आरशात दिसतात तशी.

स्लाइड फिरवली. ठिपका पलीकडे गेला आणि पाटी घडाघड वाचता आली.

दुसरी काढली. तिचंही तेच. तिसरीचंही. मी सगळा डबा फरशीवर ओतला. प्रत्येक स्लाइडवर बाबांचा ठिपका उलट्या बाजूला! बाबांच्या हातून एकही चूक नाही आणि सगळ्या चुकलेल्या, हे कसं? आणि मग मला ते धोतर आठवलं. आतून चित्र टाकलं तर बाहेरच्यांना ते उलटं दिसणार, डावीकडचं उजवीकडे. म्हणून बाबा प्रत्येक स्लाइड फिरवून घालत, म्हणजे अंगणातल्या मंडळींना सुलटं दिसावं. ठिपका त्या हिशेबाने दिलेला होता. पडदा बाहेरच्यांसाठी होता. आत प्रोजेक्टरपाशी आम्ही तिघं बसायचो, ते सगळं जन्मभर उलटंच बघत आलो. मी आणि दादा. म्हणून तर आम्हाला टीव्हीवर सगळं ओळखीचं वाटलं. स्लाइडवर सुलट्या बाजूने ते घर, तो नळ, तो पदर, ते बाबा आमच्या घरात फक्त आईने बघितले होते.

तिचा पदर डाव्या खांद्यावर असतो. टीव्हीवर उजव्या खांद्यावर होता. बाबांचा खिसा उजवीकडे, पेन उजवीकडे, भांग भलतीकडे. ज्या बाईने पस्तीस वर्षं त्या शर्टांच्या खिशांना बटणं लावली तिने सांगितलं, हे ते नाहीत. आणि आम्ही दोन शिकलेली गाढवं तिला डॉक्टरकडे नेत होतो.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. आई स्टीलचे डबे कागदात गुंडाळत होती. "आई! तू बरोबर होतीस! फोटो उलटे होते. दादाने उलटे स्कॅन केले. तुझं काहीही चुकलं नव्हतं!" मी तिला खांदे धरून हलवत होते, रडत होते, हसत होते. स्लाइड तिच्या डोळ्यांसमोर धरली, अशी बघ, आता अशी बघ.

आईने माझे डोळे पदराने पुसले. "हो का? बरं झालं," म्हणाली.

"बरं झालं काय? तू वेडी नाहीस! आम्ही वेडे!"

"अगं हो," ती अगदी माझ्यासारखंच गोड बोलत होती, गेले दोन महिने मी तिच्याशी बोलत होते तसं. "मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस ना? असू दे. मला आता वाईट वाटत नाही. पहिल्यांदा फार वाटलं. ह्यांना ओळखलं नाही म्हणून मी रोज सकाळी देवापुढे ह्यांची माफी मागते. भिंतीवरचा त्यांचा फोटोही आता काही नक्की सांगता येत नाही बघ. मग मी खालचं नाव वाचते."

तिने पुढचा डबा गुंडाळायला घेतला.

दादाला फोन केला. ऐकून तो "अरे यार," एवढंच म्हणाला. मी त्याला ठेवणीतले सगळे शब्द ऐकवले. त्याने एकही परत दिला नाही. "रविवारी येतो," म्हणाला. "सगळे सुलटे करून आणतो. कॉम्प्युटरवर एका मिनिटाचं काम आहे ते. तिला बघू दे. बघितलं की ओळखेल, आणि मग टेम्पोला नाही म्हणून सांगू. राहू दे तिला तिच्या घरात." त्याचा आवाज फाटला होता. तेवढ्यासाठी मी त्याला माफ केलं.

रविवारी तो आला. येताना आईला आवडतात म्हणून करोल बागेतून करंज्या घेऊन आला. हॉलमध्ये अर्धी खोकी बांधलेली, अर्धी उघडी. सोफ्यावर आईसाठी जागा केली. दादाने तिचे पाय धरले आणि म्हणाला, "आई, माझी चूक झाली. तू बरोबर होतीस. आता नीट लावलेत, बघ." आई "अरे, अरे" करत त्याला उठवायला लागली.

क्वार्टरचं दार आलं. नळ त्याच्या जागी, तुळस तिच्या जागी. खरं सांगते, आता मलाच ते परकं दिसत होतं. "हे कुठलं, आई?" मी विचारलं.

"लक्ष्मीबाई नगर," आई म्हणाली. "आपलं क्वार्टर."

दादाने माझा हात दाबला. पापडांचं आलं. "मी," आई म्हणाली. पटकन म्हणाली. मला वाटलं, जिंकलो. मी टेम्पोवाल्याचा नंबर शोधायला फोनसुद्धा हातात घेतला.

मग बाबा आले. जिन्याच्या पायरीवर, पेन डावीकडे, भांग जिथे असायचा तिथे, आईकडे बघून हसणारे. एवढे बाबा, एवढे खरे. मी तिच्याकडे वळून पाहिलं.

ती टीव्हीकडे बघतच नव्हती. आमच्याकडे बघत होती. आधी दादाच्या तोंडाकडे, मग माझ्या. शाळेत तोंडी परीक्षेला मूल बाईंच्या तोंडाकडे बघतं तशी. ती मघापासून, पहिल्या चित्रापासून आमच्याकडेच बघत होती आणि मी टीव्ही बघत बसले होते.

"आई, तिकडे बघ ना," दादा म्हणाला. "कोण आहेत ते?"

"तुम्हीच सांगा," आई म्हणाली. "हेच आहेत ना?"

दादाने रिमोट खाली ठेवला. मी म्हणाले, "हो आई. बाबाच."

"मग बाबाच," आई म्हणाली, आणि करंजीची बशी दादापुढे सरकवली. टेम्पोवाल्याला कोणी फोन केला नाही. तो ठरल्या दिवशी आला.